दूरच्या बेटाचा परवाना

सन २०२५ च्या एप्रिलअखेरीस, अक्षय्य तृतीयेच्या आदल्या दिवशी, आमच्या दिवंगत मावसभावाचा धाकटा मुलगा एक कागद घेऊन आमच्याकडे आला. कागद इंग्रजीत होता, एका पानाचा होता आणि त्यावर फक्त आमची सही व्हावयाची होती. अर्जदारास आम्ही लहानपणापासून ओळखतो, त्याची वागणूक सचोटीची आहे, पैशाच्या व्यवहारात तो विश्वासास पात्र आहे, अशा अर्थाचा मजकूर. निवृत्त राजपत्रित अधिकाऱ्याकडे असे कागद येतच असतात; वसतिगृहाच्या प्रवेशापासून पासपोर्टापर्यंत अशा किती दाखल्यांवर आम्ही सह्या केल्या असतील त्याची गणती नाही. पेनाचे टोपण काढता काढता आम्ही सहज विचारले, ''कोणत्या कार्यालयात द्यायचा आहे?'' तो म्हणाला, ''काका, कुरासाओला.''

(येथे 'आम्ही' म्हणजे एकटे आम्हीच. चौतीस वर्षे सरकारी टिपणी लिहिताना 'मी' हा शब्द हातून सुटला तो सुटलाच. वाचकांनी तो मोठेपणा समजू नये.)

कुरासाओ हे कॅरिबियन समुद्रातील, व्हेनेझुएलाच्या किनाऱ्याजवळचे बेट. क्षेत्रफळ ४४४ चौरस किलोमीटर, वस्ती सुमारे दीड लाख. म्हणजे आमच्या इंदूरच्या चार-पाच वॉर्डांत मावेल एवढी. २०१० साली नेदरलँड्स अँटिलीस हा जुना द्वीपसमूह विसर्जित झाल्यापासून नेदरलँड्सच्या राजसत्तेखाली ते स्वायत्तपणे नांदते. या मुलाने, अगर त्याच्या दोन भागीदारांपैकी कोणीही, ते बेट पाहिलेले नाही. तेथील सरकारकडून त्यांना इंटरनेटवर पत्ते, रुलेटचे चाक आणि क्रिकेटच्या सामन्यांवरील पैजा चालविण्याचा परवाना हवा होता. ''म्हणजे जुगाराचा,'' आम्ही म्हणालो. तो किंचित दुखावला. ''गेमिंग म्हणतात, काका.'' आम्ही टोपण पुन्हा लावले आणि फाईल दोन दिवस ठेवून जाण्यास सांगितले.

मुलगा वाईट नाही, हे आधीच सांगून टाकतो. वडील गेले तेव्हा तो अकरावीत होता. वहिनींनी शिकवण्या घेऊन दोन्ही मुलांना वाढविले. हा इंजिनिअर झाला, पुण्यास नोकरीला लागला आणि पहिल्या दोन वर्षांच्या पगारातून त्याने आईचे घरावरील कर्ज फेडले. त्या कागदावर लिहिलेला शब्द न् शब्द खरा होता, आणि आमची अडचण नेमकी तेथून सुरू होते. खोट्या दाखल्यावर सही करू नये, हे पटविण्यासाठी कोणास निबंध लिहावा लागत नाही. परंतु खरा दाखला नाकारता येतो काय, आणि येत असल्यास कोणत्या आधारावर?

सवयीप्रमाणे आम्ही ती फाईल पहिल्या पानापासून वाचली. सोबत त्या बेटाच्या कायद्याचा वृत्तान्तही जोडलेला होता. १९९३ साली तेथे जो कायदा झाला त्याच्या डच नावातच 'किनाऱ्यापलीकडील' हा शब्द आहे. म्हणजे खेळ चालावयाचा तो परदेशी माणसांसाठी, हे कायद्याने नावापासूनच मान्य केले होते. त्या कायद्याखाली चार मुख्य परवानाधारक होते. ते आपल्या परवान्याच्या सावलीत इतरांना पोटपरवाने देत आणि एकाच क्रमांकाखाली जगभरची शेकडो संकेतस्थळे चालत. पोटपरवान्यांच्या या कारभाराची पुष्कळ नाचक्की झाली. नेदरलँड्सकडूनही दडपण आले. अखेर २४ डिसेंबर २०२४ पासून नवा कायदा अंमलात आला. आता परवाना एका प्राधिकरणाकडून थेट मिळतो. अर्जदाराची कंपनी त्या बेटावर नोंदलेली असावी लागते, तेथे राहणारा व्यवस्थापक नेमावा लागतो. मालकांनी आपला पैसा कोठून आला हे दाखवावे, पोलिसांचे प्रमाणपत्र द्यावे, काळ्या पैशाची धुलाई होऊ नये म्हणून काय तजवीज केली ते लिहून द्यावे, खेळाडूच्या तक्रारीसाठी त्रयस्थ लवाद ठेवावा, आणि अल्पवयीनांना आत येऊ देऊ नये. फीचा हिशेब त्या मुलाने पेन्सिलीने समासात केला होता. रुपयांत तो वर्षाला चाळीस-पन्नास लाखांच्या घरात जात होता.

फाईल उत्तम होती. आमच्या हाताखालच्या बाबूने अशी फाईल मांडली असती तर आम्ही त्याला चहा पाजला असता. मात्र शेवटच्या परिशिष्टाशी आम्ही थबकलो. ज्या प्रदेशांतील रहिवाशांना ही सेवा दिली जाणार नाही त्यांची ती यादी होती. अमेरिका होती, फ्रान्स होता, नेदरलँड्स होते, आणि पहिल्याच ओळीत खुद्द कुरासाओ होते. भारताचे नाव नव्हते. असणार तरी कसे? भारत हीच तर बाजारपेठ होती.

आता थोडे आमच्या कचेरीविषयी. आमच्या नोकरीतील सहा वर्षे कलेक्टोरेटच्या परवाना शाखेशी संबंधित कामात गेली. शस्त्रांचे परवाने, सिनेमागृहांचे परवाने, दिवाळीच्या तोंडावर फटाक्यांच्या दुकानांचे आणि गोदामांचे परवाने. त्या खोलीबाहेर एक लाकडी बाक होते, पाय थोडा डुगडुगणारे. अर्जदार मंडळी आत खुर्चीवर बसत. बाकावर बसत ते आक्षेप घेणारे. एके वर्षी एक बाई सलग चार दिवस त्या बाकावर येऊन बसल्या. त्यांच्या गल्लीच्या तोंडाशी फटाक्यांचे गोदाम व्हावयाचे होते. अग्निशमन दलाचा दाखला होता, पोलिसांचा अहवाल अनुकूल होता, नकाशा मंजूर होता. बाईंनी आपल्या दारापासूनचे अंतर पावलांनी मोजून आणले होते. कागदावर त्यांच्या म्हणण्याला काहीच आधार नव्हता. तरी चौथ्या दिवशी आम्ही जाऊन जागा पाहिली, आणि पाहिल्यावर वस्तीबाहेरच्या जागेसाठी परवाना दिला. अर्जदार पुढे कित्येक वर्षे आमच्याकडे पाहून तोंड फिरवीत असे.

ही गोष्ट बढाईसाठी सांगितलेली नाही. चौथ्या दिवशी गेलो, पहिल्या दिवशी गेलो नाही, हेही तिच्यात आहेच. सांगावयाचे ते एवढेच, की परवाना म्हणजे काय हे आम्हांला त्या बाकाने शिकविले. एखादी गोष्ट धोक्याची आहे, पण धोका असूनही समाज ती चालू देतो. ज्याच्या अंगावर धोका येणार त्याला देणाऱ्याच्या दारात येऊन भांडता येते, निदान त्याचे तोंड देणाऱ्याला पाहावे लागते, या अटीवर. देणारा आणि सोसणारा एकाच गावात राहतात. उद्या गोदामाला आग लागली तर धूर कलेक्टरच्या बंगल्यातही यावयाचा. हा धागा तोडून परवाना तेवढा शिल्लक ठेवला, तर उरते ती पैशाची पावती.

आमच्या सकाळच्या फिरण्यातील एका सोबत्याच्या मुलाने मोबाईलवरील अशाच एका खेळात दीड वर्षात भविष्यनिर्वाह निधीचे सगळे पैसे घालविले, आणि मग बायकोच्या नावाचा प्लॉट विकला. सोबती स्वतः शिक्षणखात्यातून निवृत्त झालेले. मोबाईलच्या पडद्यावर अगदी तळाशी बारीक अक्षरांत कुठल्याशा बेटाचे नाव आणि परवान्याचा क्रमांक आहे, हे त्यांनी भिंग लावून शोधून काढले. मोठ्या आशेने त्यांनी त्या पत्त्यावर सविस्तर पत्र पाठविले. आठवड्याभराने दोन ओळींचे सभ्य उत्तर आले : तक्रार केवळ खातेधारकास करता येते. ते चूकही नव्हते. खेळाडूला फसविले गेले असेल तर लवाद आहे. पण येथे कोणी कोणाला फसविलेच नव्हते. बाप आणि बायको यांना बसावयास तेथे बाक नाही, एवढेच.

कोणी फसविले नाही, हे थोडे उलगडून सांगितले पाहिजे, कारण परवान्याच्या बाजूने सर्वांत जोरकस मुद्दा तोच असतो. युरोपीय रुलेटच्या चाकावर शून्य धरून ३७ घरे असतात. एका आकड्यावर लावलेला रुपया लागला तर पस्तीस पट मिळते. त्या एका शून्यामुळे चालकाकडे दर शंभर रुपयांमागे सरासरीने दोन रुपये सत्तर पैसे राहतात. अमेरिकेच्या चाकावर दोन शून्ये, म्हणून पाच रुपये सव्वीस पैसे. शंभरातले पावणेतीन म्हणजे काय मोठेसे, असे वाटते. पण तोच शंभराचा ऐवज एका रात्रीत वीस-तीस वेळा फिरतो, आणि जिंकलेलाही पुन्हा मांडला जातो. चाक पूर्ण प्रामाणिक असते, प्रयोगशाळेत तपासलेले असते. परवाना याच प्रामाणिकपणाची हमी देतो. आमच्या सोबत्याच्या मुलाचा प्लॉट प्रामाणिक चाकावर गेला.

ही हमी नवी नाही. कौटिल्याने अर्थशास्त्रात द्यूताध्यक्ष नेमला आहे. जुगार एकाच ठिकाणी चालावा, अन्यत्र खेळणाऱ्यास बारा पण दंड व्हावा, फासे अध्यक्षाने पुरवावे, खोटे फासे वापरणाऱ्यास शिक्षा व्हावी आणि जिंकलेल्या द्रव्यातून शेकडा पाच सरकारात जमा व्हावे. हेतूही त्याने लपविलेला नाही : गुप्तपणे उपजीविका करणारे, चोरटे लोक अशा जागी सापडतात. याज्ञवल्क्यही साधारण याच बाजूचा. मनूने मात्र जुगार राज्यातून समूळ काढावयास सांगितले आहे. आजच्या परवाना कायद्यांत जे जे आहे त्याचा सांगाडा कौटिल्याच्या त्या प्रकरणात सापडतो. फरक एकच, पण तो आम्हांस फार मोठा वाटतो. कौटिल्याचा द्यूताध्यक्ष पाटलिपुत्रात बसून कांचीच्या लोकांसाठी फासे पुरवीत नव्हता. ज्याचे घर बुडेल तो त्याच राजाचा करदाता होता, आणि राजाला त्याचा हिशेब ठेवावाच लागे.

द्यूत म्हटले की आपल्या मनात हस्तिनापूरची सभा येते. शकुनीचे फासे कपटाचे होते, हे लहान मुलालाही ठाऊक. फासे खरे असते तर? समजा, शकुनीने कसलेही कपट केले नसते, फासे तपासलेले असते, पणाची नोंद झाली असती, धृतराष्ट्राची संमती तर होतीच. तर त्या सभेत जे घडले ते योग्य ठरले असते काय? आम्ही अनेकदा असे पाहतो की फाश्यांच्या कपटावर सगळा दोष टाकून आपण सुटतो. द्रौपदीने सभेला विचारलेला प्रश्न फाश्यांविषयीचा नव्हता. जो स्वतःला आधी हरला त्याला मला पणाला लावण्याचा अधिकार उरला होता काय, असे तिने विचारले. म्हणजे प्रश्न अधिकाराचा होता. भीष्मांना उत्तर देता आले नाही. विदुराने आक्षेप घेतला होता, पण ऐकणाऱ्याच्या मनाविरुद्ध. आणि धृतराष्ट्र? तो पुन्हा पुन्हा एवढेच विचारीत होता की जिंकले काय, जिंकले काय. संमती त्याची होती आणि पट त्याला दिसत नव्हता. तरी तो निदान त्या सभेत बसलेला होता, आणि किंकाळी त्याच्या कानांवर पडत होती. अखेर त्याने वर दिले ते त्यामुळेच.

दोन दिवसांनी मुलगा आला तेव्हा हे सगळे त्याच्यापुढे मांडण्याचा आम्ही प्रयत्न केला. पुराण त्याने ऐकून घेतले. मग त्याने जे विचारले त्याने आमची पंचाईत झाली. ''काका, महाराष्ट्र सरकारने १९६९ पासून लॉटरी चालविली, केरळने त्याच्याही आधी १९६७ पासून. तेथे सही करणारे अधिकारी चारित्र्यहीन होते का? आणि तुमच्या ओळखीतले किती जण शेअर बाजारात ऑप्शन खेळतात? सेबीनेच २०२४ मध्ये सांगितले आहे की तीन वर्षांत शंभरातले त्र्याण्णव जण बुडाले, आणि एकंदर तोटा एक लाख ऐंशी हजार कोटींच्या वर गेला. त्याला कोणी जुगार म्हणत नाही. कारण ते मुंबईत चालते म्हणून?''

त्याच्या या म्हणण्याला आमच्याकडे पुरते उत्तर नव्हते, आजही नाही. मोठ्या देशांचा दुटप्पीपणा खरा आहे. अँटिग्वा या चिमुकल्या देशाने जागतिक व्यापार संघटनेत अमेरिकेला याच मुद्द्यावर खेचले होते. तुमच्याकडे घोड्यांच्या शर्यतींवर दुरून पैजा लावू देता, मग आमच्या बेटावरून लावलेल्याच का अडवता? २००५ साली निकाल बऱ्याच अंशी अँटिग्वाच्या बाजूने गेला, आणि २००७ साली तिला वर्षाला २ कोटी १० लाख डॉलरपर्यंतची प्रत्युपाययोजना करण्याची मुभाही मिळाली. बेटांना ना मोठी शेती ना कारखाने. विकण्याजोगी एकच वस्तू त्यांच्यापाशी विपुल असते, ती म्हणजे सार्वभौमत्व. ती ते विकतात. उपाशी माणसाने घरची भांडी विकली तर त्याला नावे ठेवण्याचा अधिकार पोट भरलेल्यास कितपत असावा?

तरीही एक गोष्ट आमच्या डोळ्यांपुढून हलेना : परिशिष्टातील ती पहिली ओळ. मोनाकोच्या कॅसिनोंची कीर्ती दीडशे वर्षांची, पण मोनाकोच्या नागरिकांना तेथे खेळण्यास मनाई आहे. नेपाळात कॅसिनो आहेत, नेपाळी माणसास आत प्रवेश नाही. गोमंतकातील वाचकांना तर हे सांगावयास नकोच. १९७६ च्या तेथील जुगारबंदी कायद्यात १९९६ साली दुरुस्ती होऊन 'किनाऱ्यापलीकडील' जहाजांवर खेळ चालविण्याची वाट मोकळी झाली. ती जहाजे आज मांडवीच्या पात्रात उभी असतात, आणि पणजीच्या रस्त्यावरून त्यांचे दिवे मोजता येतात. पलीकडचा किनारा असा हाताच्या अंतरावर! आणि १ फेब्रुवारी २०२० पासून गोमंतकीयांना त्यांत प्रवेश बंद, असे तेथील सरकारने जाहीर केले. या सर्वांनी आपल्या माणसांपुरते उत्तर देऊन टाकले आहे. खेळ निरुपद्रवी असता तर स्वतःच्या मुलांना कोणी बाहेर ठेवले नसते. जो हलवाई आपल्या घरी आपली मिठाई नेत नाही, त्याच्या दुकानाच्या स्वच्छतेचा दाखला कोणी कितीही दाखवो, आम्ही तेथून पेढे घेणार नाही.

मुलाला आम्ही एक जुना खटलाही सांगितला. आमच्या पिढीच्या वडीलधाऱ्यांना शब्दकोड्यांच्या बक्षिसांचे वेड आठवत असेल. बंगळूरहून निघणाऱ्या एका इंग्रजी साप्ताहिकात अशी कोडी येत. प्रवेशपत्रे आणि फी मुंबई राज्यात गोळा होई. मुंबई सरकारने १९५२ साली कायदा दुरुस्त करून राज्याबाहेर छापलेल्या पत्रांतील स्पर्धांनाही परवाना आणि कर लागू केला. चालकांचे म्हणणे असे की आमचा धंदा म्हैसूर राज्यातला, मुंबईचा संबंध काय? ९ एप्रिल १९५७ रोजी सर्वोच्च न्यायालयाने चमारबागवाला खटल्यात हे म्हणणे फेटाळले. पैसा जेथून येतो, माणूस जेथे बसून भरतो, त्या जागेचा संबंध पुरेसा आहे. आणि जुगार हा राज्यघटनेच्या अर्थाने व्यापारच नव्हे, म्हणून व्यापारस्वातंत्र्याचे कवच त्याला नाही. म्हणजे दूरच्या बेटाचा प्रश्न आपल्याकडे बंगळूर-मुंबईच्या रूपाने सत्तर वर्षांपूर्वीच येऊन गेला. त्याहून जुना १८६७ चा जुगार कायदा मात्र भिंती शोधत बसणारा : घर, खोली, कुंपण. मोबाईलला भिंत कोठली?

सही आम्ही केली नाही. ''बाळ, तुझ्याबद्दल हे सगळे खरे आहे, पण हा कागद जेथे जाणार तेथे या खरेपणाचा उपयोग दुसऱ्याच कामासाठी होणार,'' एवढेच म्हणालो. त्याने फाईल उचलली, वाकून नमस्कार केला आणि गेला.

पुढे २२ ऑगस्ट २०२५ रोजी ऑनलाइन खेळांविषयीच्या केंद्रीय कायद्याला राष्ट्रपतींची संमती मिळाली. पैसे लावून खेळावयाचे सर्व ऑनलाइन खेळ, कौशल्याचे असोत की नशिबाचे, त्याने बंद ठरविले. चालविणाऱ्यास तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक कोटीपर्यंत दंड. परदेशातून चालविलेले खेळही कक्षेत. खेळणाऱ्यास मात्र शिक्षा नाही. मोठमोठ्या कंपन्यांनी आठवड्याच्या आत पैशाचे खेळ थांबविले. आमच्या मनावरचे ओझे उतरले, असे आम्ही सौभाग्यवतींना म्हटल्याचे स्मरते.

दसऱ्याच्या संध्याकाळी तो सोने द्यावयास आला. आपट्याची पाने हातावर ठेवून, पाणी पिऊन झाल्यावर, त्याने पिशवीतून तीच फाईल काढली. ''काका, तुमचे बरोबर होते. परिशिष्ट बदलले आहे, बघा.'' यादीत आता भारताचे नाव होते. बाजारपेठ पूर्व आफ्रिकेत शोधली होती. ''आता आपल्या माणसांपैकी कोणाचे एक पैचे नुकसान होणार नाही. आता तरी सही कराल ना?''

त्याचा चेहरा अगदी निर्मळ होता. आणि त्या क्षणी आम्हांला कळून चुकले की एप्रिलमध्ये आम्ही त्याला जे समजावले असे मानत होतो, त्यातून त्याने एवढेच घेतले होते. कदाचित आम्ही एवढेच दिले होते. मोनाकोला आणि मांडवीतील जहाजांना ज्यासाठी नावे ठेवली, तेच करून तो आला होता, आणि करण्याची वाट आम्हीच दाखविली होती.

आमच्या घरात एक जुने दप्तर आहे. आमचे एक पूर्वज होळकर सरकारच्या सायर खात्यात कारकून होते. पुण्याकडून येऊन इंदुरात आमचे घराणे स्थिरावले ते त्या नोकरीवर. सायर म्हणजे जकात, आणि मालव्यात सगळ्यांत मोठ्या जकातीचा माल म्हणजे अफू. १८३० नंतर कंपनी सरकारने पासाची पद्धत घातली. पेट्या काट्यावर चढत, पेटीमागे शुल्क भरले की पास मिळे, आणि माल मुंबईहून चीनला रवाना होई. ज्यांना शुल्क चुकवावयाचे ते सिंधमार्गे कराचीहून पोर्तुगीजांच्या दमणला माल नेत. १८४३ साली सिंध इंग्रजांकडे गेल्यावर तो रस्ता बंद झाला. चीनच्या बादशहाने त्या काळी अफूची आयात बेकायदा ठरविलेली होती, ती १८५८ पर्यंत. येथे मात्र पास अगदी कायदेशीर, शिक्क्याचा. काट्याचे वजन अचूक असे, आमच्या पूर्वजांच्या अक्षरात एकही खाडाखोड नाही. १८३९ साली लिन झेशू या चिनी अधिकाऱ्याने व्हिक्टोरिया राणीस पत्र लिहून विचारले होते की तुमच्या देशात जे निषिद्ध आहे ते आमच्याकडे का पाठविता? त्या सज्जनाची माहिती चुकीची होती. इंग्लंडात अफू तेव्हा सर्रास दुकानांतून मिळत होती. आम्ही नेहमी असा विचार करतो की ती माहिती बरोबर असती, इंग्लंडने आपल्या माणसांना खरोखरच जपले असते, तर त्याच्या तक्रारीचे बळ वाढले असते की इंग्लंडचे समाधान?

चीनकडील ही विक्री थांबली ती १९०७ च्या करारानंतर हळूहळू, १९१३ मध्ये. तोवर आमच्या वाड्याचा वरचा मजला बांधून झाला होता. कँटनमधील एखाद्या घरातील माणूस येऊन त्या काट्याशेजारी कधी बसला नाही. बसला असता तर आमच्या पूर्वजांनी काय केले असते, हे सांगता येत नाही. ते वाईट नव्हते. त्यांच्याही सचोटीचा दाखला होळकरांच्या शिक्क्यानिशी त्या दप्तरात आहे.

हे सगळे त्या मुलाला सांगण्याइतका वेळ त्या संध्याकाळी नव्हता, आणि खरे सांगायचे तर धैर्यही नव्हते. त्याच वाड्याच्या दिवाणखान्यात आम्ही बसलो होतो. आम्ही म्हणालो, ''नाही रे. तिकडच्या माणसालाही बाप असेल.'' तो थोडा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, ''आईला वाटले होते, तुम्ही या वेळी नाही म्हणणार नाही.'' सौभाग्यवतींनी दिलेला शिरा त्याने संपविला, दोघांनाही नमस्कार केला आणि निघाला. दुसऱ्या कोणाची सही त्याने मिळविली असल्यास आम्हांला कळलेले नाही.

दर दिवाळीला वहिनींकडून चकलीचा डबा येत असे. त्या दिवाळीत आला नाही. आदल्या वर्षीचा त्यांचा स्टीलचा डबा अजून आमच्याच फडताळात आहे. रिकामा परत पाठवू नये म्हणून सौभाग्यवतींनी दोनदा बेसनाचे लाडू वळले. दोन्ही वेळा तो घेऊन जाणे आमच्याच्याने झाले नाही.